शेतमालासाठी वाहन : फोर व्हील ड्राइव्ह व्हॅन घ्यावी की पिकअप?

खानदेशातील बागायतदार ट्रॅक्टर घेतल्यानंतर बहुधा चारचाकी वाहनाचा विचार करू लागतो. शेतातला माल बाजारात न्यावा, मजूर शेतावर आणावेत, लग्नकार्याला घरची मंडळी न्यावीत आणि पावसाळ्यात चिखलातून गाडी बांधापर्यंत जावी, एवढ्या साऱ्या अपेक्षा एकाच गाडीकडून असतात. पिंप्राळ्यासारख्या गावात तर हा प्रश्न अधिकच जाणवतो. गाव जळगाव शहराला जोडले गेले आहे आणि घरासमोर डांबरी रस्ता आहे. परंतु शेत मात्र काळ्या मातीच्या गाडवाटेवर आहे. अशा वेळी परदेशी बनावटीची, चारही चाकांना जोर असलेली व्हॅन घ्यावी की साधी पिकअप, असा प्रश्न पडतो. लाखो रुपयांचा हा निर्णय गाडीच्या रूपावरून न घेता माल, वाट, माणसे आणि दुरुस्ती या चार गोष्टींचा हिशेब मांडून घ्यावा.

दोन्ही वाहनांतील फरक

जपानमध्ये मित्सुबिशी डेलिकासारख्या बंदिस्त व्हॅन फोर व्हील ड्राइव्हमध्ये तयार होतात. बर्फाळ व डोंगराळ भागात त्या उपयोगी ठरल्या आहेत. आपल्याकडे 1984 पासून आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, जपानच्या सुझुकी कॅरीवरूनच घेतलेली होती. मात्र तिच्यात फक्त मागच्या चाकांना जोर होता. तिचे उत्पादन 2019 मध्ये बंद झाले. परदेशातून जुनी गाडी आणण्यावर गाडीचे वय, उजव्या बाजूचे स्टिअरिंग इत्यादी कडक अटी आहेत आणि शुल्कही जबर आहे. त्यामुळे परदेशात स्वस्त दिसणारी गाडी दारात येईपर्यंत स्वस्त राहत नाही.

पिकअपमध्ये पुढे केबिन, मागे उघडा हौदा, मागच्या चाकांना जोर आणि खाली पाट्यांची स्प्रिंग असते. आज मिळणाऱ्या पिकअपचे पासिंग साधारण 1.3 ते 2 टनांपर्यंत आणि हौद्याची लांबी 8 ते 10 फूट असते.

1. मालाचा हिशेब

केळीचे उदाहरण घेऊ. एका दिवशी 300 घड कापले आणि घडाचे सरासरी वजन 20 किलो धरले, तर माल 6 टन होतो. दीड टन पासिंगच्या पिकअपला त्यासाठी 4 फेऱ्या लागतात. व्हॅनमध्ये 700 किलो माल बसतो असे धरले, तर 9 फेऱ्या होतात. डिझेल, चालकाचा वेळ आणि घडांची चढ-उतार याच प्रमाणात वाढते. घड जितक्या वेळा हाताळावा तितके फळ जास्त काळे पडते, हे बागायतदारांना सांगणे नको.

दुसरा मुद्दा हवेचा. काढणीनंतरही फळ श्वसन करते, त्यातून उष्णता निर्माण होते. केळी पिकताना इथिलीन वायूही बाहेर पडतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा बंदिस्त पत्र्याच्या गाडीत ही उष्णता व वायू कोंडून माल लवकर पिकतो. वांगी, मेथी, कोथिंबीर यांचीही तीच गत होते. उघड्या हौद्यात तळाला व बाजूंना केळीच्या पानांची गादी करावी, माल क्रेटमध्ये भरावा आणि वरून ताडपत्री अशी बांधावी की सावली मिळेल पण वारा खेळता राहील.

कापूस वजनाने हलका पण जागा खाणारा माल आहे. व्हॅनचे छप्पर ठरलेले असते. हौद्याला मात्र जाळी लावून उंची वाढवता येते. मालाची उंची परवानगीच्या मर्यादेत ठेवावी.

2. वाटेचा हिशेब

"आपल्याकडे चिखल फार, म्हणून फोर व्हील ड्राइव्ह हवीच," असे अनेकांना वाटते. यात काळ्या मातीचा गुणधर्म लक्षात घेतला जात नाही. तापी खोऱ्यातील भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण फार असते. ही माती पाणी शोषून फुगते, मऊ पडते आणि तिची भार पेलण्याची शक्ती कमी होते. ओली माती टायरच्या खाचांत भरते व टायर गुळगुळीत होतो. असे चारही टायर गुळगुळीत झाल्यावर चारही चाकांना दिलेला जोर काय कामाचा? गाडी थोडी पुढे जाऊन रुतते, एवढाच फरक पडतो.

शिवाय जमिनीचे नुकसान वेगळेच. वापसा नसताना चाक फिरले की मातीतील पोकळ्या दाबल्या जातात. वरच्या थराचे दबणे मुख्यतः टायरमधील हवेच्या दाबावर, तर खोल थराचे दबणे आसावर येणाऱ्या एकूण वजनावर अवलंबून असते. वरचा थर नांगरटीने मोकळा होतो. खोलवर बसलेला थर वर्षानुवर्षे तसाच राहतो. केळीची बहुतांश मुळे वरच्या दीड-दोन फुटांत असतात. तेथेच पाणी साचू लागले तर मुळे गुदमरतात आणि पीक पिवळे पडते.

मुळात केळीची लागवड 1.5 × 1.5 मीटरवर असेल, तर कोणतीही चारचाकी आत जात नाही. घड माणसेच बांधावर आणतात. म्हणजे गाडीला बागेत न्यायचे नसून बांधापर्यंत न्यायचे असते. तेव्हा सुधारायची ती वाट.

समजा 300 मीटर गाडवाट 3 मीटर रुंद करून तिच्यावर दबाईनंतर 15 सें.मी. जाडीचा मुरूम हवा आहे. 300 × 3 × 0.15 म्हणजे 135 घनमीटर, अर्थात सुमारे 48 ब्रास. दबाईची घट धरून 60 ब्रास सैल मुरूम लागेल. वाट शेतापेक्षा उंच घ्यावी, मध्ये फुगवटा ठेवावा व दोन्ही बाजूंना चर काढावेत. चर नसतील तर मुरूम दोन पावसाळ्यांत मातीत मिसळून जातो. मुरूम उचलण्यापूर्वी तहसील कार्यालयाची परवानगी घ्यावी. वाट सामाईक असल्यास खर्च वाटून घेता येतो. राज्य शासनाच्या 2021 मध्ये जाहीर झालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेबाबत ग्रामपंचायतीत चौकशी करावी. दोन गाड्यांच्या किमतीतील फरक वाटेवर खर्च केला, तर तिचा उपयोग ट्रॅक्टर, बैलगाडी आणि मालट्रक या सर्वांनाच होतो.

भर पावसात शेवटचे अंतर ट्रॅक्टर-ट्रॉलीने पार करावे आणि पिकअप पक्क्या रस्त्यावर उभी करावी.

3. माणसांचा हिशेब

या एका बाबतीत व्हॅन निश्चित सरस आहे. तिच्यात बसायला आसने असतात, पिकअपच्या हौद्यात नसतात. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपई भरलेले मालवाहू वाहन उलटून किमान 15 मजूर मृत्युमुखी पडले. मालावर बसून परतणाऱ्या मजुरांची दृश्ये आपण रोज पाहतो, म्हणून त्यातील धोका डोळ्यांना दिसेनासा झाला आहे. मालवाहू गाडीच्या हौद्यातून माणसे नेणे कायद्याला मान्य नाही, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळण्यात अडचण येते. पिकअप घेणाऱ्याने मजुरांच्या ने-आणीसाठी प्रवासी परवान्याचे वाहन भाड्याने ठरवावे व तो खर्च मजुरीतच धरावा. चार-पाच माणसे नेहमीच न्यायची असतील, तर दुहेरी केबिनची पिकअप पाहावी. तिचा हौदा मात्र आखूड असतो.

4. दुरुस्तीचा हिशेब

फोर व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल व जादा जोडशाफ्ट असतात. वजन वाढते, डिझेल जास्त लागते. साध्या प्रकारची ही यंत्रणा कोरड्या डांबरी रस्त्यावर चालू ठेवल्यास वळणावर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन टायर व गिअर झिजतात. परदेशी गाडीचा एखादा भाग जळगाव-धुळ्यात मिळाला नाही, तर ऐन काढणीत गाडी उभी राहते. याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. 1980 च्या दशकात जपानी सहकार्याने हलकी मालवाहू वाहने बनविणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या; त्यांपैकी डीसीएम टोयोटा व ऑल्विन निस्सान ही नावे पुढे बाजारातून नाहीशी झाली. म्हणून गाडी पाहण्यापूर्वी जवळच्या गॅरेजमध्ये जाऊन क्लचप्लेट, पाटे, ब्रेक व फिल्टर मिळतात का, हे विचारावे.

फोर व्हील ड्राइव्ह कोणी घ्यावी?

सातपुड्याच्या पायथ्याचा पाल परिसर, तोरणमाळकडील घाट किंवा साक्री तालुक्याचा पश्चिम भाग अशा ठिकाणी चढ, दगडगोटे व नाल्यातील वाळू यांतून वर्षभर जावे लागते. तेथे चाकाला पकड मिळते, म्हणून चारही चाकांच्या जोराचा खरा फायदा होतो. अशा शेतकऱ्यांनी देशात सेवा केंद्रे असलेली फोर व्हील ड्राइव्ह पिकअप घ्यावी. परदेशी व्हॅनच्या मागे लागू नये.

निर्णय कसा घ्यावा?

एका वहीत मागील वर्षाच्या फेऱ्या लिहून काढाव्यात : मालाच्या किती, माणसांच्या किती आणि खऱ्या चिखलाचे दिवस किती. मालाच्या फेऱ्या निम्म्याहून अधिक असतील तर पिकअप घ्यावी. माणसांच्या फेऱ्या जास्त असतील तर दोन चाकांच्या जोराची देशी व्हॅन पुरेशी आहे. माल भाड्याच्या गाडीने न्यावा. चिखलाचे दिवस वर्षात वीस-पंचवीसच भरत असतील, तर तेवढ्यासाठी आयुष्यभर जादा यंत्रणेचा बोजा वाहू नये. पिंप्राळा, निमखेडी व गिरणाकाठच्या सपाट काळ्या शिवारातील बहुतेक बागायतदारांना साधी पिकअप आणि मुरमाची पक्की वाट हीच जोडी फायद्याची ठरेल.