नव्या शिंगराची पहिली शिकवणी

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला मोठी यात्रा भरते. तेथला घोडेबाजार तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. गिऱ्हाईक शिंगराचा ओठ वर करून दात बघते, चाल बघते, अंगावरचे भोवरे बघते, आणि मग सौदा ठरतो. भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरवणाऱ्यांना आपण सोडून देऊ, पण दात बघणारा शहाणा खरा. अडीच वर्षांच्या सुमारास घोड्याचे पुढचे मधले दुधाचे दात पडून कायमचे येतात, तर कडेचे दात साडेचार वर्षांच्या सुमारास. समजा, असे एक अडीच वर्षांचे शिंगरू विकत घेऊन ट्रकमधून घरी आणले. पुढे काय करायचे?

घाई असते ती पाठीवर बसण्याची. परंतु आधी काळजी घ्यावी लागते ती पोटाची.

घोडा गाईसारखा रवंथ करीत नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने अगदी लहान, साधारण ८ ते १५ लिटरांचे असते. गवतातला चिवट भाग पचवण्याचे काम मोठ्या आतड्यातले असंख्य सूक्ष्मजीव करतात. हे सूक्ष्मजीव रोजच्या वैरणीला सरावलेले असतात. नव्या मालकाने कौतुकाने एकदम पाटीभर चंदी पुढे ठेवली, तर धान्यातला स्टार्च न पचताच मोठ्या आतड्यात उतरतो. तेथे तो झपाट्याने आंबतो, आम्ल आणि वायू तयार होतात, आणि शिंगराला पोटशूळ उठतो. त्यात घोड्याला उलटीही करता येत नाही, कारण जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू फार घट्ट असतो. म्हणून पोटशूळ घोड्याच्या जिवावर बेतू शकतो. जाणता माणूस विकणाऱ्याकडूनच थोडी जुनी वैरण मागून आणतो आणि आठ-दहा दिवसांत नवी वैरण हळूहळू मिसळत जातो. दोन-तीन आठवडे शिंगरू इतर घोड्यांपासून दूर बांधतात, म्हणजे बाजारातून आलेला एखादा संसर्ग पसरत नाही. दूर, पण इतर घोडे त्याला दिसतील असे. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे; एकटा पडला की तो सतत सावध असतो. तो उभ्याने डुलकी घेतो खरा, परंतु गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. एखाद्या सकाळी त्याच्या कुशीला कडब्याच्या काड्या चिकटलेल्या दिसल्या, की ते तेथे रुळू लागले असे समजावे.

आता त्याच्या डोळ्यांकडे पाहा. ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्यामुळे मान न वळवता त्याला सभोवतालचे जवळजवळ सगळे दिसते. मात्र कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीच्या थेट मागची जागा दिसत नाही. मागून गुपचूप गेलेला माणूस त्याच्या लेखी अचानक उपटलेला शत्रूच असतो आणि लाथ बसते. म्हणून खांद्याच्या रोखाने, तिरके, बोलत बोलत जवळ जावे. त्याचे कान तुमच्याकडे वळले की त्याने तुमची दखल घेतली.

खरी शिकवणी येथून पुढची. मोहरकीची दोरी तुम्ही ओढली तर शिंगरू पुढे येईल असे वाटते ना? ते उलट मागे रेटते. ताकदीच्या या खेळात आपण हरणारच. मग काय करावे? दोरीला हलका ताण द्यावा आणि तेवढाच ठेवावा. शिंगराने एक पाय उचलून जरा पुढे टाकला की त्याच क्षणी दोरी सैल सोडावी. शिंगरू शिकते ते या सैल सोडण्यातून. ‘पाऊल टाकले की त्रास थांबतो’ एवढेच त्याला कळते. दोन-तीन सेकंद उशीर झाला, तर तोवर त्याने मान झटकलेली असते, आणि मान झटकली की दोरी सुटते, असा भलताच धडा ते शिकते.

गोणपाटाची भीती घालवतानाही हेच सूत्र. गोणपाट दुरून दाखवावे. शिंगरू बिचकले तर तेथेच धरून ठेवावे, आणि ते स्थिर उभे राहिले की मग खाली घ्यावे. ते उधळत असतानाच तुम्ही घाबरून गोणपाट बाजूला केलेत, तर उधळणे फायद्याचे ठरले! ‘खोडील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी घोड्यांना माणसांनीच असे शिकवलेले असते.

घोडा आपले किती बारीक इशारे टिपतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये फोन ऑस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स हा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे खूर आपटून देत असे. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये शोधून काढले, की योग्य आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलते आणि ते पाहून हान्स थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्स चुके. गणित येत नसेल, पण माणूस वाचण्यात तो पक्का होता.

हा प्रयोग तुम्ही वर्गात मित्रावर करून पाहा. न बोलता त्याला उजवीकडे वळायला शिकवायचे आहे. त्याच्या दंडावर बोटाने हलका दाब द्या. तो योग्य दिशेला जरासा वळला की बोट तत्काळ उचला. किती खेपांत जमले ते लिहून ठेवा. मग दुसऱ्या मित्राला वेगळीच एखादी हालचाल शिकवा, मात्र बोट दर वेळी तीन सेकंद उशिरा उचला. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून बघा.

आणि स्वारी? पायांच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा आधी भरून येतात, पाठीच्या मणक्यांच्या मात्र सर्वांत शेवटी, पाच वर्षांच्या पुढे. म्हणून आपल्या शिंगराला आणखी वर्षभर तरी दोरीवर चालवावे, पाय उचलू द्यायला शिकवावे, खरारा करावा. मग रिकामे खोगीर, तंग एकेक भोक आवळत. त्यानंतर एखादा हलका स्वार, तोही पहिल्या दिवशी चार-पाच मिनिटेच.