मुळशी खोऱ्यातील जनावरांचा उन्हाळा : गोठा आणि वैरण

मुळशी तालुका म्हणजे पावसाचे माहेर, अशी सर्वत्र समजूत आहे आणि ती खोटी नाही. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा प्रदेशात जनावरांचे हाल होतात ते पावसाने, चिखलाने व गारठ्याने, असे सहज वाटते. परंतु जनावराच्या अंगावरचे मांस उतरते ते पावसाळ्यात नव्हे, तर त्याआधीच्या चार महिन्यांत. शिमग्यानंतर खंगत गेलेला बैल मृगाच्या सरीत औताला उभा राहतो, आणि चिखलणीच्या दिवसांत खाली बसतो. दोष मात्र पावसाला दिला जातो.

याचे कारण या खोऱ्याच्या रचनेत आहे. पाऊस ऑक्टोबरात संपतो. डोंगरउतारावरील उथळ माती व तिच्याखालचा काळा कातळ पाणी धरून ठेवीत नाही. त्यामुळे अनेक झरे उन्हाळ्यात आटतात. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी ज्याविरुद्ध सत्याग्रह केला, त्या धरणाखाली खोऱ्यातील भाताची सखल जमीन गेली. त्या जलाशयाचे पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीखाली भिऱ्याकडे उतरते. तालुक्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात पारा कित्येकदा ४० अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. तात्पर्य, वर्षाचे चार महिने पाण्यात असणारे हे खोरे पुढचे काही महिने कोरड्या मुलखासारखे वागते. म्हणून कोरड्या मुलखातील पशुपालनाचे नियम येथेही उपयोगी पडतात.

उष्ण प्रदेशांचा धडा

थरच्या वाळवंटालगतचे थारपारकर गोवंश अल्प वैरणीवर व कडक उन्हात तग धरते. गीर, कांकरेज व ओंगोल या भारतीय रक्ताच्या जनावरांपासून अमेरिकेत ब्राह्मण ही जात तयार झाली. तेथील उष्ण भागांत मांसोत्पादनासाठी तिचा मोठा उपयोग होतो. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईंच्या व २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळूंच्याही कत्तलीस बंदी असल्याने येथे गोवंश पोसावयाचा तो कष्ट, दूध व शेणखत यांसाठी. तथापि जनावराचे वजन टिकविण्याचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे : सावली, पाणी आणि साठविलेली वैरण. यांपैकी एक जरी उणे पडले, तरी उरलेल्या दोहोंचा लाभ पुरता मिळत नाही.

गोठा

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. त्यामुळे दुपारनंतरचे तिरपे ऊन केवळ पश्चिमेच्या आखूड बाजूनेच आत येऊ शकते. ही पश्चिमेची भिंत पूर्ण बंद व जाड असावी. मुळशीत पावसाळी वारेही पश्चिम व नैर्ऋत्येकडूनच येत असल्याने उन्हाळ्यात ऊन अडविणारी हीच भिंत पावसाळ्यात झड अडविते. उत्तर व दक्षिण बाजूंस सुमारे एक मीटर उंचीची भिंत बांधावी. त्यावरील मोकळ्या जागेत कारवीचे कुड बसवावेत. परंतु ते कायमचे न लिंपता काढता-घालता येतील असे बांधावेत. होळीच्या सुमारास कुड काढले म्हणजे वारा आरपार खेळतो. मृगापूर्वी ते पुन्हा लावावेत. वर्षभर बंद ठेवलेला कोंदट गोठा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो.

पत्र्याचे छप्पर पावसास चांगले, पण उन्हात ते तापून जनावराच्या पाठीवर उष्णता फेकते. पत्र्यास वरून पांढरा चुना द्यावा आणि आतून थोडे अंतर सोडून बांबूच्या चटईचे आढे टांगावे. पत्र्यावर पेंढा मात्र पसरू नये. वणव्याच्या दिवसांत एका ठिणगीने गोठा जाण्याचे भय असते. त्याच कारणाने वैरणीची गंजी गोठ्यापासून दूर रचावी व तिच्याभोवतीचे गवत काढून मोकळा पट्टा ठेवावा.

मोठ्या जनावरास छपराखाली सुमारे ३.५ चौरस मीटर व बाहेर मोकळ्या आवारात ७ चौरस मीटर जागा असावी. जमिनीस ४० भागांस १ भाग इतका उतार गटाराकडे द्यावा. आवारात आंबा वा जांभूळ असल्यास ते तोडू नये. झाडाची सावली पत्र्याच्या सावलीपेक्षा नेहमीच थंड असते.

पेंढ्यात जीव आणणे

मुळशीची मुख्य वैरण भाताचा पेंढा होय. आंबेमोहोरासारख्या सुवासिक भातासाठी प्रसिद्ध असलेल्या या तालुक्यात पेंढा विपुल निघतो, पण तो निकृष्ट असतो. त्यात प्रथिने केवळ ३ ते ४ टक्के असतात. जनावराच्या पोटातील पचन करणाऱ्या सूक्ष्म जीवांना निदान ७ टक्क्यांच्या सुमारास प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास पेंढा पोटात पडून राहतो, भूक मंदावते आणि भरल्या गव्हाणीपुढे उभे असलेले जनावर उपाशी राहते.

या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया केल्यास त्यातील प्रथिनांचे प्रमाण जवळपास दुप्पट होते. रीत अशी आहे : १०० किलो वाळलेल्या पेंढ्यास ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावा. पेंढ्याचे थर पसरावेत, प्रत्येक थरावर द्रावण झारीने सारखे शिंपडावे आणि थर पायांनी तुडवून दाबावेत. हवा शिरणार नाही अशा रीतीने ढीग प्लास्टिकच्या कापडाने झाकून २१ दिवस ठेवावा. उघडल्यावर रोज लागेल तेवढाच पेंढा काढून, उग्र वास जाईपर्यंत हवेशीर पसरावा व मग घालावा.

या कामात निष्काळजीपणा चालत नाही. युरियाचे द्रावण वा युरियाची गोणी जनावराच्या तोंडाशी कधीही येऊ देऊ नये; तिने प्राण जातात. सहा महिन्यांखालील वासरांस हा पेंढा देऊ नये. मोठ्या जनावरांसही पहिल्या आठवड्यात साध्या पेंढ्यात मिसळून हळूहळू सवय लावावी. भिजून बुरशी धरलेला पेंढा प्रक्रियेनेही सुधारत नाही. तो खाल्ल्याने शेपटी, कान व खुरांजवळचा भाग सडतो. म्हशींमध्ये हे विशेष आढळते.

वैरणीचा हिशेब

३०० किलो वजनाच्या बैलास दररोज सुमारे ६.५ किलो कोरडे खाद्य लागते. प्रक्रिया केलेला पेंढा ५ किलो, हिरवा चारा ५ किलो व आंबोण १ किलो दिल्यास ही गरज भागते. आंबोणात अर्धा भाग भाताचा कोंडा, पाव भाग पेंड व पाव भाग भरड असावी. त्यासोबत ३० ग्रॅम मीठ व ३० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे.

फेब्रुवारीच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे १३५ दिवस होतात. म्हणजे एका बैलास पावणेसात क्विंटल व जोडीस साडेतेरा क्विंटल पेंढा लागेल. हा हिशेब मळणीच्या वेळीच करावा. जानेवारीत पेंढा विकून एप्रिलमध्ये तोच दुप्पट दराने घेण्याची वेळ मग येत नाही. साठा कमी दिसला, तर भाकड व निकामी जनावरांची व्यवस्था थंडीतच ठरवावी. सगळ्या गोठ्याला अर्धपोटी ठेवल्याने एकही जनावर धड राहत नाही.

डोंगरी गवत फुलोऱ्यावर येताच कापावे. बी झडल्यानंतर कापलेल्या गवतात काडीच उरते. विहिरीच्या अथवा न्हाणीच्या पाण्यावर फुले जयवंतसारख्या संकरित नेपिअरची ठोंबे लावावीत. बांधावर शेवरी व सुबाभूळ लावावी. सुबाभळीचा पाला एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक असू नये. भाताच्या राबासाठी पाला, पेंढा व शेणी जाळताना त्यांतील किती वैरण व किती खत जळून जाते, याचाही विचार व्हावा.

पाणी आणि वेळ

मोठ्या जनावरास दररोज ३० ते ४० लिटर पाणी लागते. कडक उन्हाळ्यात ही गरज ६० लिटरपर्यंत जाते. दूरच्या झऱ्यावर भर दुपारी नेऊन पाणी पाजल्यास वाटेतच निम्मा लाभ जातो. पाण्याची डोणी सावलीत असावी. वैरण पचताना शरीरात उष्णता निर्माण होते. म्हणून मोठा वाटा सायंकाळनंतर व पहाटे घालावा. कामही सकाळी नऊपूर्वी उरकावे. जनावर तोंड उघडून धापा टाकू लागले व लाळ गाळू लागले, तर त्यास तत्काळ सावलीत बांधून अंगावर पाणी शिंपडावे.

मे महिन्यात घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकूत यांच्या लसी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्याव्यात. लसीचा परिणाम पोसलेल्या अंगात चांगला होतो.

चिखलणीस अनेक ठिकाणी आता यंत्रे आली आहेत, तरी अरुंद खाचरांत व उतारावर बैलावाचून अडते. ती जोडी आवणीला उभी राहील की नाही, हे मृग नक्षत्र ठरवीत नाही. मळणीनंतर रचलेली गंजी आणि होळीला काढलेले कुड हेच ते ठरवितात.