थंडीची सुट्टी

अगं, घाबरू नकोस. रात्री दहाला शाळेचा मेसेज आला, उद्यापासून शाळा बंद, म्हणून तू हबकलीस ना? साहजिक आहे. आपल्या पुण्यात शाळा बंद पडायची ती पावसानं. थंडीसाठी सुट्टी म्हटलं तर आई अजूनही हसते. नोएडात मात्र जानेवारी असाच जायचा. हिवाळ्याची नेमाची सुट्टी असतेच, त्रेधा उडते ती ऐन वेळी वाढते तेव्हा.

आणि हे मुलांचे लाड नव्हेत बरं. खरं दुखणं धुक्याचं. जमीन ओली, वारा पडलेला, रात्री आभाळ मोकळं, की पहाटे धुकं रस्त्यावरच बसतं. सगळ्यात दाट कधी? नेमकं स्कूलबस निघायच्या वेळी. दोनशे मीटरपलीकडचं दिसेनासं झालं की हवामान खातं त्याला दाट धुकं म्हणतं, पन्नासच्या आत आलं की अतिदाट. अशा वेळी बस चालवणाऱ्याला समोरचा ट्रक दिसतो तो अगदी अंगावर आल्यावर. त्यात धुकं दुपारपर्यंत हटलं नाही तर ऊनच पडत नाही आणि वर्ग दिवसभर गारठलेले. म्हणून तू नुसतं किमान तापमान बघत बसू नकोस, धुक्याचा इशारा बघ.

दिल्लीच्या बातमीवर तर मुळीच जाऊ नकोस! तुझी नोएडा उत्तर प्रदेशात. तिथे गौतम बुद्ध नगरच्या डीएमचा, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा, आदेश चालतो, दिल्ली सरकारचा नाही. आदेश बहुतेक वेळा आठवीपर्यंतचाच असतो. वरच्या वर्गांचं शाळेला विचारावं लागतं. ग्रुपवर गेल्या वर्षीची पत्रकंही फिरतात, तेव्हा आधी तारीख वाच. नोव्हेंबरातली सुट्टी वेगळी, ती प्रदूषणाची. २०२४ साली तर सुप्रीम कोर्टानं दहावी-बारावीचे वर्गही थांबवायला लावले होते. प्रदूषणाच्या सुट्टीत अभ्यास ऑनलाइन चालतो, थंडीच्या सुट्टीत बहुधा नाही.

मला विचारशील तर शाळा बंद ठेवण्यापेक्षा उशिरा भरवणं बरं. जानेवारी २०२४मध्ये दिल्लीत सुट्टी संपल्यावर नऊच्या आधी शाळा भरवू नका असं सांगितलं होतं. मला ते पटलं. आपल्या घरी हीटर आहे गं, पण तुझ्या कामवालीची मुलं सरकारी शाळेत जातात. शाळा बंद झाली की त्यांचं दुपारचं जेवणही बुडतं. तिला एकदा विचार, आणि पोळ्या थोड्या जास्त लाट.

ऑफिसचं म्हणशील तर शेजारणीशी आत्ताच बोलून ठेव, एक दिवस तिची मुलं तुझ्याकडे, एक दिवस तुझा लेक तिच्याकडे. त्याची अंघोळ दुपारी. आणि एक गोष्ट नीट कान देऊन ऐक: बंद खोलीत कोळशाची अंगीठी कधीही नको, कोणी कितीही म्हणो. तिच्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातं. दरवर्षी इथे अशा बातम्या येतात.

पुण्याहून आणलेला तो पातळ स्वेटर राहू दे. रविवारी अट्टा मार्केटला जाऊ. लेकाला इनर दोन नंबर मोठे घे, पुढच्या थंडीलाही होतील.