ग्राहकाची माहिती कोणाची?

1923 साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे टूर्निअर नावाच्या एका सामान्य खातेदाराचा दावा आला. बँकेचे नऊ-साडेनऊ पौंड त्याच्याकडे थकले होते आणि दर आठवड्यास एक पौंड भरण्याचे त्याने मान्य केले होते. हप्ते थांबले, तेव्हा त्याचा पत्ता विचारण्याच्या निमित्ताने शाखाधिकाऱ्याने त्याच्या मालकांना दूरध्वनी केला. बोलण्याच्या ओघात थकबाकी तर सांगितलीच, शिवाय हा मनुष्य पैजा लावतो असा आपला संशयही बोलून दाखविला. मालकांनी त्याची नोकरी पुढे चालू ठेवली नाही.

खालच्या न्यायालयात टूर्निअर हरला होता. अपिलात मात्र फेरसुनावणीचा आदेश झाला. खातेदाराची माहिती गुप्त राखणे हा बँकेच्या कराराचाच भाग आहे, असे न्यायमूर्तींनी ठरविले. अपवाद चारच : कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेच्या स्वतःच्या हितासाठी आवश्यक असलेले प्रकटन आणि ग्राहकाची संमती. भारतातील न्यायालयेही याच निर्णयाचा आधार घेत आली आहेत. भारतीय स्टेट बँकेच्या 1955 च्या कायद्यात तर कलम 44 अन्वये गुप्ततेचे बंधन स्पष्ट शब्दांत घातलेले आहे.

हे जुने प्रकरण येथे मुद्दाम सांगितले. मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्या कित्येक ॲपनी नेमका तोच दूरध्वनी केला; फक्त एका मालकाला नव्हे, तर कर्जदाराच्या फोनमधील मामा, मेहुणा, शेजारी अशा सर्वांना. म्हणून रिझर्व्ह बँकेने 2 सप्टेंबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा ॲपना फोनमधील संपर्कयादी, छायाचित्रांचा संग्रह व कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली.

पुढे 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. (सर्व व्यक्तींसाठी ‘ती’ हे स्त्रीलिंगी सर्वनाम वापरणारा हा कायदा वेगळाच म्हणावा लागेल.) संमती मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्वक हवी, असे त्यात म्हटले आहे. कायद्यातीलच उदाहरण बोलके आहे : वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपने संपर्कयादीही मागितली आणि वापरणारीने ‘होय’ म्हटले, तरी सल्ल्यासाठी त्या यादीची गरज नसल्याने तेवढी संमती धरली जात नाही. न वाचता अंगठा दाबणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोठाच आधार होय.

एक उणीव मात्र मला खटकते. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची नोकरी गेली, ज्याच्या मुलीचे लग्न मोडले, त्याच्या हाती त्या दंडातून काहीच पडत नाही.

कर्ज देणारी संस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील असेल, तर प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करून पोच जपून ठेवावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास वा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. संस्था नोंदणीकृतच नसेल, तर लोकपालाचा मार्ग खुला नाही. तेथे पोलीस ठाणे किंवा 1930 हा सायबर साहाय्य क्रमांक गाठावा लागतो.