सातवीचा दाखला दिल्यानंतर

उन्हाळी सुट्टीपूर्वी निकालपत्रके वाटून झाली, की सातवी उत्तीर्ण झालेल्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले तयार होतात. कारणाच्या रकान्यात ‘पुढील शिक्षणासाठी’ असे शब्द लिहिले जातात, जनरल रजिस्टरातील नोंद पुरी होते आणि प्राथमिक शाळेचे त्या मुलाशी असलेले काम संपले असे मानले जाते. माध्यमिक शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव चढते ते जूनच्या मध्यानंतर. मधल्या दीड महिन्यात ते मूल कोणत्याच शाळेचे नसते. पुढे हजेरीपटावर नाव चढल्यानंतरही, निदान पहिले सत्र संपेपर्यंत, ते मनाने त्या शाळेचे झालेले असतेच असे नाही. जी मुले आठवी-नववीत शाळा सोडतात त्यांतील पुष्कळांचा पाय याच काळात घसरलेला असतो. तो नजरेस येतो मात्र फार उशिरा.

खेड तालुक्यात ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. येथील गाव एका ठिकाणी वसलेला नसतो. तो वाड्यावाड्यांत विखुरलेला असतो. प्राथमिक शाळा वाडीजवळ, हाकेच्या अंतरावर असते. हायस्कूल मात्र मोठ्या गावी किंवा थेट खेड शहरात. पूर्वेकडे रसाळगड, सुमारगड, महिपतगड यांच्या पायथ्याच्या वाड्यांतील मुलांना तर डोंगर उतरूनच जावे लागते. शिवाय कोकणात शाळा उघडते ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलाने नव्या शाळेची वाट प्रथम तुडवावयाची ती नेमकी जून-जुलैच्या मुसळधार पावसात, पऱ्ह्यांना पाणी आलेले असताना, आणि घरात भातलावणीची धांदल चाललेली असताना.

याच तालुक्यातील शेरवली या गावी १८ एप्रिल १८५८ रोजी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण गेले ते दापोली तालुक्यातील मुरुड येथे. मराठी शाळेतील शिक्षणाच्या अखेरीस सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा द्यावयाची, तर त्या काळी गावाजवळ केंद्र नव्हते. १८७५ साली ते मुरुडहून साताऱ्यास निघाले; शंभरावर मैलांची वाट, कुंभार्ली घाट चढून, पायी. परीक्षेस बसावयास सतरा वर्षे पुरी झालेली असणे आवश्यक होते. ती झालीही होती, आणि तसा दाखलाही जवळ होता. परंतु किरकोळ बांध्याचा तो मुलगा परीक्षा समितीच्या प्रमुखांना सतरा वर्षांचा वाटला नाही, आणि त्यास परत पाठविण्यात आले. पुढे कोल्हापूर येथून त्यांनी ती परीक्षा दिली. मॅट्रिक होण्यास १८८१ साल, म्हणजे वयाचे तेविसावे वर्ष उजाडावे लागले. पुढील कीर्ती सर्वश्रुत आहे. १९५८ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

ही हकीकत मुलांना जिद्दीचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ती सांगावीच. शिक्षकाने मात्र ती दुसऱ्या बाजूने वाचावयास हवी. घाट चढून आलेले मूल दारातून परत जाते, ते बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर दाराशी बसलेल्या माणसाला ते मूल कोण हे ठाऊक नसते म्हणून. कर्वे परत गेले आणि पुन्हा आले. मुरुडला सोमण मास्तरांसारखे शिक्षक त्यांना लाभले होते, ही गोष्ट त्यात लहान नव्हे. अशा किती मुलांना कोणी मास्तर लाभले नाहीत, त्यांची गणती कोणत्याही आत्मचरित्रात सापडणार नाही. ज्यांनी हा अनुभव घेतला त्याच कर्व्यांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले.

आज कायदा मुलाच्या बाजूस आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. वयाचा पुरावा नाही या कारणावरून आठवीपर्यंतचा प्रवेश नाकारता येत नाही. मागील शाळेचा दाखला उशिरा आला म्हणूनही नाकारता येत नाही. आणि दाखला मागताच तो देणे हे मुख्याध्यापकावर बंधनकारक आहे. तरीही प्रत्यक्षात मूल अडते ते लहानसहान गोष्टींत. नावात एक अक्षर इकडचे तिकडे झालेले असते, आधार कार्डावरील जन्मतारीख आणि रजिस्टरातील तारीख जुळत नाही, किंवा जुन्या शाळेने संगणकावरील नोंद पुढे सोडलेली नसते. आई-आजीला या गोष्टी उमगत नाहीत. त्या हायस्कुलाच्या कचेरीतून दोनदा परत येतात आणि तिसऱ्यांदा जात नाहीत. सातवीच्या वर्गशिक्षकाने फेब्रुवारी-मार्चमध्येच प्रत्येक मुलाचे कागद एकदा ताडून पाहिले तर हे सारे टळते. काम कंटाळवाणे खरे. परंतु एखाद्या मुलाचे वर्ष त्यावर अवलंबून असते.

कागदांपेक्षा अवघड असतो तो वर्गातील बदल. लहान गावाच्या शाळेत सातवीत पाच-सहा मुले असतात. गुरुजी किंवा बाई प्रत्येकाला नावाने, घरासह ओळखतात. मूल गप्प बसले तर कारण विचारले जाते. सातवीतील मूल शाळेतील सर्वांत मोठे. प्रार्थना सांगणारे, घंटा देणारे, धाकट्यांना रांगेत उभे करणारे. दोन महिन्यांनी तेच मूल पन्नास मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसते, सर्वांत धाकटे होऊन. तासागणिक शिक्षक बदलतात. प्रत्येकाची शिकविण्याची, वही तपासण्याची, रागावण्याची तऱ्हा निराळी. एका गुरुजींना जे सांगितले ते दुसऱ्यांना ठाऊक नसते. मोठ्या गावातील मुले पाचवीपासून त्याच शाळेत असली, तर त्यांचे गट आधीच जमलेले असतात, आणि वाडीवरच्या मुलाच्या बोलीला हसणारे कोणीतरी निघतेच. ज्या मुलाने सात वर्षांत शंका विचारण्यास कधी भ्यावे लागले नाही, ते येथे तोंड मिटून घेते. शिक्षकास वाटते मूल मंद आहे. मुलास वाटते आपल्याला येत नाही. दोघांचाही समज चुकीचा असतो.

यात सेमी इंग्रजीची भर पडते. जेथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते, तेथे मराठी शाळेतून आलेल्या मुलास त्रिकोण, अपूर्णांक, घनफळ हे सर्व येत असूनही ट्रँगल, फ्रॅक्शन, व्हॉल्यूम हे शब्द अनोळखी असतात. तास संपतो तो शब्द ओळखण्यातच. यास उपाय सोपा आहे. सातवीच्या दुसऱ्या सत्रात रोज दोन-तीन संज्ञा मराठीबरोबर इंग्रजीत फळ्याच्या कोपऱ्यात लिहाव्यात, मुलांनी त्या एका छोट्या वहीत उतरून घ्याव्यात आणि ती वही हायस्कुलात बरोबर न्यावी. पाठांतराचा आग्रह नको. शब्द कानावरून गेलेला असला की निम्मी भीती जाते.

तशीच इतर पूर्वतयारी. दुसऱ्या सत्रात आठवड्यातून एखादा दिवस तासांचे वेळापत्रक लावून वर्ग चालवावा. विषयवार निराळ्या वह्या आणि उद्याचे दप्तर आदल्या रात्री भरण्याची सवय लावावी. शिक्षक बोलत असताना मुद्दे टिपून घेणे ही गोष्ट प्राथमिक शाळेत फारशी शिकविली जात नाही, ती शिकवावी. शिमग्यानंतर एक दिवस सातवीची सारी मुले हायस्कुलात घेऊन जावे. तेथे भाषणे, सत्कार यांची गरज नाही. वर्ग कोठे, पाणी कोठे, मुलींचे स्वच्छतागृह कोठे, कचेरी कोणती, एवढे पाहून यावे. आणि त्याच वाडीचा आठवी-नववीतील एखादा मुलगा किंवा मुलगी त्यांना शाळा दाखवील असे करावे. शिक्षकाच्या तासभर उपदेशाने जे होत नाही ते अशा एका चक्कर मारण्याने होते.

त्या भेटीत, किंवा जूनमध्ये, प्रत्येक मुलाविषयी एक छोटे टिपण हायस्कुलाच्या वर्गशिक्षकास द्यावे. गुण निकालपत्रकात असतातच. टिपणात जे निकालपत्रकात नाही ते असावे. या मुलास लांबचा फळा दिसत नाही. हिचे वडील मुंबईस असून घरी आजी एकटी आहे. याचे गणित चांगले, परंतु विचारल्याखेरीज बोलत नाही. या दोघींच्या वाटेवर पऱ्ह्या आहे; अतिवृष्टीच्या दिवशी त्या येऊ शकणार नाहीत. अशा चार ओळी पुरेत. ‘खोडकर’, ‘आळशी’ असले शब्द मात्र त्यात कदापि नसावेत. मुलास नव्या शाळेत नव्याने चांगले होण्याची जी एक संधी मिळते, ती असल्या शब्दाने हिरावून घेतली जाते.

वाटेचा प्रश्न मुलींच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. हुशार मुलगी असते, आई-वडिलांची इच्छाही असते. परंतु वाडीतून ती एकटीच हायस्कुलास जाणारी असली, संध्याकाळची एस. टी. चुकली की अंधार पडत असला, तर पहिल्या पावसाळ्यातच ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे ठरते. ते पुढचे वर्ष बहुधा येत नाही. पाचवी ते बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एस. टी.चा मोफत पास मिळतो आणि मुलांना सवलतीचा. पण पासामुळे गाडी मिळते, साकवापासून घरापर्यंतची सोबत मिळत नाही. म्हणून मे महिन्यातच शेजारच्या दोन-तीन वाड्यांतील पालकांस एकत्र बसवून, कोणाची मुले कोणाबरोबर जातील, पऱ्ह्यापर्यंत कोण पोहोचवील, गाडी न आल्यास मुले कोणाच्या घरी थांबतील, हे नावानिशी ठरवावे. शाळा व्यवस्थापन समितीने करण्याजोगे हे काम आहे. हायस्कुलानेही पाण्यामुळे पडलेला खाडा आणि टाळाटाळीचा खाडा यांत भेद करावा. ओल्या कपड्यांनी उशिरा आलेल्या मुलास दाराशी उभे करणे हे शिस्तीचे लक्षण नव्हे.

पालकांविषयी बोलताना शिक्षकाच्या डोळ्यांपुढे पुष्कळदा शिकलेले, घरी असणारे आई-वडील असतात. खेडमधील अनेक घरांत वडील मुंबईस चाकरीला, आणि घरचा कारभार आई किंवा आजी-आजोबा पाहतात. ‘मुलाचा अभ्यास घ्या’ असे त्यांस सांगणे म्हणजे त्यांना गप्प करणे होय. आजीस बीजगणित येण्याची आवश्यकता नाही. ‘आज कोणकोणते गुरुजी आले? काय सांगितले? कोणाशेजारी बसलास?’ एवढे तिने रोज विचारले तरी मुलाच्या मनातील गाठ सुटू लागते. लावणीच्या दिवसांत मुलाने हातभार लावू नये असे म्हणणे कोकणात कोणी ऐकणार नाही, आणि ते योग्यही नाही. परंतु शाळा बुडवून नव्हे, सुट्टीच्या दिवशी, हे मात्र स्पष्ट सांगावे. रात्री फोन मोठ्यांच्या उशाशी असावा, मुलाच्या नव्हे. आणि ‘आता आठवीत गेलास, मोठा झालास’ असे म्हणून चौकशीच बंद करू नये. सारे आयुष्य पाहता मुलास चौकशीची सर्वांत अधिक गरज असते ती याच वर्षी.

वडिलांना गाठण्यास गणपती आणि शिमगा हे दोन दिवस आहेत. चाकरमानी गावी आलेले असतात, आणि मुलाच्या पुढील शिक्षणाचा निर्णय बहुतेक वेळा त्यांच्याच तोंडून होतो. शिमग्याला सातवीच्या पालकांची सभा ठेवावी. त्यात खर्चाची गोष्ट मोकळेपणाने सांगावी, कारण न सांगितलेल्या खर्चाच्या भीतीनेच पुष्कळ जण माघार घेतात. पाठ्यपुस्तके आणि शाळेतील भोजन आठवीपर्यंत मिळते. नववीपासून ते थांबते. म्हणजे पायऱ्या दोन आहेत, एक आठवीची व दुसरी नववीची, आणि दुसरीची तयारी पहिलीवर असतानाच करावयास हवी. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तीत निवड झालेल्या मुलास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि सातवीत ५५ टक्के गुण असावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांस ५० टक्के. सातवीच्या वार्षिक परीक्षेकडे सैलपणे पाहण्याची जी सवय लागली आहे, ती यामुळे मुलास महाग पडते. हे पालकांस आणि मुलांस वर्षाच्या आरंभीच सांगावे.

हायस्कुलाच्या शिक्षकांकडून फार मोठी अपेक्षा नाही. पहिल्या पंधरवड्यात पाठ्यपुस्तक थोडे मागे राहिले तरी चालेल, परंतु प्रत्येक मूल नावाने ओळखले जावे. मागच्या बाकावर एकाच वाडीची सारी मुले बसली असतील तर त्यांना हळूहळू पुढे, इतरांत मिसळून बसवावे. एकदम ताटातूट करू नये. पहिल्या घटक चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत. लहान शाळेतून आलेल्या मुलाचे पहिले गुण बहुधा कमी असतात, आणि ते कमी का आहेत हे एकट्यात विचारले तर कारण चटकन सापडते.

प्राथमिक शिक्षकाचे एक काम यानंतरही उरते. गणपतीच्या सुट्टीनंतर हायस्कूल पुन्हा सुरू झाले, की आठवड्याभरात गेल्या वर्षीच्या सातवीची यादी हातात घ्यावी. यादी लहान असते. पाच, सात, फार तर पंधरा नावे. वाटेने जाणाऱ्या मुलांस थांबवून विचारावे, कोण येते, कोण येत नाही. जे येत नसेल त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जावे, आणि दुसऱ्या दिवशी हायस्कुलाच्या वर्गशिक्षकास कळवावे. भात पोटरीवर आलेले असते, लावणीची कामे उरकलेली असतात, वडील मुंबईस परतलेले असले तरी फोनवर सापडतात. आणि मूल शाळेपासून तुटून अद्याप थोडेच दिवस झालेले असतात.