रबिंग मारण्याआधी

लोखंड कापायच्या ग्राइंडरला बफिंगचा पॅड लावून तो गाडीवर चालवू नका. बाकीचं पुढे सांगते, पण हे आधी. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. गाडीच्या पॉलिशचं रोटरी मशीन साधारण सहाशेपासून तीन हजारांपर्यंत जातं आणि जाणकार माणूस तेवढाही वेग क्वचितच वापरतो. पण ग्राइंडरला बसणारे स्वस्त पॅड सगळीकडे मिळतात, ग्राइंडर घरात नाहीतर शेजारी असतोच, आणि मग ‘एवढं काय त्यात’ म्हणत माणूस सुरू होतो.

तंजावरला आमच्या घरमालकांच्या काळ्या सेडानवर ग्राइंडर नव्हे, रीतसर रोटरीच चालली होती, तरी व्हायचं ते झालंच. काका इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, गाडी चकचकीत हवी हा त्यांचा दरवर्षीचा हट्ट. त्या दोन-तीन दिवसांत तामिळनाडूत प्रत्येक वॉशिंग सेंटरसमोर रांग असते. लॉरीपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना अंघोळ, चंदन, कुंकू, विभूती, केळीचे खुंट, चाकाखाली लिंबू आणि पुढ्यात कोहळा. अशा गर्दीत एका मुलाने लोकरी पॅड लावून बॉनेट दहा मिनिटांत उरकलं. ट्यूबलाइटखाली ते आरशासारखं दिसत होतं आणि काका खूष होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात बॉनेटवर कोळिष्टकं दिसायला लागली. आपण सरकलो की तीही सरकत. पॉलिशवाले त्याला हॉलोग्राम म्हणतात. ते पुन्हा पॉलिश करून निघाले असते. पण बॉनेटच्या मधून जो धारदार उंचवटा जातो, त्यावर बोटभर लांबीचा राखाडी डाग पडला होता. तिथे वरचा पारदर्शक थर संपून खालचा रंग उघडा पडला होता. तो परत आणण्याचं पॉलिश कुठल्याच दुकानात मिळत नाही. अख्खं बॉनेट रंगवावं लागलं.

त्यानंतर मी मशीन चालवायला शिकले ते काकांच्या गाडीसाठी नव्हे. माझी स्वतःची गडद निळी, सेकंडहँड घेतलेली गाडी होती आणि ती कुणाच्या हाती द्यायचा धीर होत नव्हता.

शिकताना पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवली: रबिंग म्हणजे रंगाचा थर घासून कमी करणं. चरा भरला जात नाही, त्याच्या दोन्ही बाजूंचा रंग त्याच्या तळापर्यंत उतरवला जातो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन जाडी असते. त्यात क्लिअर कोट जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या एका केसापेक्षाही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवायचं काम याच थराकडे. तो फार पातळ झाला की आज काही दिसत नाही. दोन-चार उन्हाळ्यांनी छतावर आणि बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटायला लागतात, आणि तोवर कुठल्या दिवाळीला काय मारलं होतं हे कुणाच्या लक्षातही नसतं.

म्हणून खोल ओरखड्यावरून नख फिरवून पाहा. नख अडकत असेल तर तो ओरखडा आपला नाही. त्याच्या कडा थोड्या बोथट होतील, लांबून कमी दिसेल, तेवढ्यावर समाधान मानायचं. नवशिक्यांच्या हातून रंग जळतो तो बहुतेक वेळा असा एखादा शेवटचा चरा काढण्याच्या हट्टापायी.

आता हे चरे येतात कुठून? तंजावर म्हणजे कावेरीच्या खोऱ्यातला भाताचा मुलूख. जानेवारी-फेब्रुवारीत सांबा पिकाची कापणी होते, रस्त्याच्या कडेला भात वाळत पडतं, पेंढ्याची धूळ हवेत असते. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य. ती धूळ बसलेली गाडी सकाळी कोरड्या फडक्याने किंवा पिसांच्या झाडणीने पुसली की रोज थोडं थोडं पॉलिशपेपरचं काम होतं. तीच गत विभूतीची. वाळलेलं चंदन नखाने खरवडणाऱ्यांना तर मी हात जोडते. त्यावर ओलं फडकं ठेवा, पाच मिनिटांनी ते आपोआप सुटतं. कुंकवात हळदीबरोबर चुना असेल तर पांढऱ्या गाडीवर त्याचा डाग राहतो. ते काचेवर नाहीतर नंबरप्लेटवर लावलं तरी देवाची हरकत नसावी. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके मशीनने घासू नका. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, त्यात भिजवलेलं फडकं मिनिटभर ठेवून धुतलं तर बरेचसे जातात. जे काम पाण्याने होतं ते मशीनकडे नेलं तर क्लिअर कोट उगाच खर्ची पडतो.

मशीन मी डीए घेतलं. डीए म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी एका लहान वर्तुळात हलतोही. माझ्या मशीनचं हे हलणं पंधरा मिलिमीटरचं आहे. एका जागी जास्त दाबलं की पॅडचं फिरणं मंदावतं, कधी पूर्ण थांबतं. नवशिक्याला हवी ती ढाल हीच. रोटरीला अशी दया नाही, दाबा किंवा तिरकी धरा, ती फिरतच राहते.

गाडीला हात लावण्याआधी मी भंगारवाल्याकडून एक जुनं लाल मडगार्ड आणलं आणि मुद्दाम ते जाळून पाहिलं. प्रत्येक नवशिक्याने हे करावं असं माझं ठाम मत आहे. मडगार्डच्या कडेवर डीए एका जागी धरून ठेवलं. पत्रा गरम झाला, कंपाउंड सुकून पावडर झाली, पण बराच वेळ दुसरं काही झालं नाही. मग ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणलेली रोटरी त्याच कडेवर, थोडी तिरकी. तापलेल्या रंगाचा उग्र वास नाकात गेला तेव्हाच थांबले, तरी उशीर झाला होता. पांढरा पॅड उलटून पाहिला तर त्यावर लाल अर्धचंद्र उमटलेला. हा वास आणि हा रंग, दोन्ही ओळखीचे करून ठेवा. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला गाडीचा रंग लागला याचा अर्थ तो थर तिथे संपला, मशीन तिथल्या तिथे बंद. अपवाद जुन्या अँबेसेडर-पद्मिनीसारख्या गाड्यांचा, आणि काही साध्या पांढऱ्या-लाल रंगांचा. त्यांच्यावर वेगळा क्लिअर कोट नसतो, तिथे पॅड रंगणारच. आपली गाडी कुठल्या जातीची हे आडोशाच्या जागी हाताने घासून आधीच ठरवा.

कडा आणि उंचवटे एवढे नाजूक का, हे मडगार्डने शिकवलं. सपाट जागी पॅडचा दाब पसरतो, धारेवर तो सगळा एका रेषेत येतो. शिवाय रंग फवारल्यावर धारेवर तो मुळातच पातळ बसतो. म्हणून बॉनेटची धार, दरवाजांच्या कडा, रबर, काळं प्लॅस्टिक, बोधचिन्हं, सगळ्यांवर मास्किंग टेप. मला टेप लावायला पॉलिशपेक्षा जास्त कंटाळा येतो, पण काळ्या प्लॅस्टिकवर सुकलेलं पांढरं कंपाउंड टूथब्रशने काढत बसणं त्याहून कंटाळवाणं असतं. खांब, आरसे, हँडलच्या आसपासची जागा हातानेच करायची.

जाडी मोजायचं यंत्र काही हजारांत मिळतं. विकत नाही तर मागून आणा. माझ्या गाडीवर सगळीकडे एकशेदहा ते एकशेतीस आकडे येत होते आणि मागच्या डाव्या दरवाजावर एकदम तीनशेच्या वर. म्हणजे तो दरवाजा कधीतरी रंगवलेला होता, जे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. आकडा मोठा म्हणजे बिनधास्त घासा असं मात्र नाही. यंत्र एकूण जाडी सांगतं, तिच्यात पुट्टी किती आणि क्लिअर कोट किती हे सांगत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर साधं यंत्र चालतही नाही. त्यात प्लॅस्टिकमधून उष्णता पसरत नाही, पत्र्यापेक्षा तिथे रंग लवकर तापतो. पहिला हात बंपरवर आजमावू नका, बॉनेटवर तर नाहीच. दरवाजाचा खालचा भाग बरा.

काम सुरू करण्याआधी प्रत्येक पॅनेलचा टॉर्चच्या उजेडात फोटो काढून ठेवते. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या इथल्या धन्वंतरी महालात डोळ्यांवर उपचार होत, आणि त्या रुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसकट सरस्वती महाल ग्रंथालयात अजून आहेत. दोनशे वर्षांपूर्वी याच गावात कुणीतरी आधी चित्र काढून मग डोळ्याला हात लावत होतं. आपल्याजवळ तर फोन आहे. आधीचा फोटो नसेल तर आपला डोळा आपल्याला फसवतो, प्रत्येक पॅनेल सुधारलंय असंच वाटत राहतं.

गाडी धुतल्यावर क्ले, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा, फिरवायचा, भरपूर शांपूच्या पाण्यावर. हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून हात फिरवा, उघड्या हाताला न कळणारा खरखरीतपणा कळतो. क्ले जमिनीवर पडला तर उचलून कचऱ्यात, कितीही नवा असला तरी.

मग दीड फुटाचा एक चौकोन टेपने आखायचा आणि सगळे प्रयोग तिथेच. आधी मऊ फोम आणि बारीक पॉलिश. त्याने भागलं नाही तर तोच पॅड आणि थोडं कडक कंपाउंड. तरीही नाही भागलं तर कडक पॅड. दुकानदार नेहमी उलट क्रमाने विकतो. नव्या पॅडवर पॉलिश आधी बोटाने चोळून घ्या, नंतर वाटाण्याएवढे चार थेंब पुरतात. पॅड पत्र्यावर टेकवून मगच बटण दाबायचं आणि उचलण्याआधी बंद करायचं, नाहीतर कंपाउंड भिंतीवर, साडीवर आणि तोंडावर. सर्वांत कमी वेगावर पसरवून घ्या, मग चार किंवा पाचवर न्या. हात सेकंदाला इंचभर सरकला पाहिजे. हे ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात सगळेच तिप्पट वेगाने जातात. आधी आडवे पट्टे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर चढलेला. असे चार-पाच फेरे झाले की थांबून पुसा आणि बघा. मशीनच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. पॅड खरंच फिरतोय की नुसता थरथरतोय हे तिच्यावरून कळतं. फिरत नसेल तर तुम्ही दाबताय किंवा मशीन तिरकं झालंय.

वायर खांद्यावरून पाठीमागे. पायात कोरडी चप्पल, आणि ज्या प्लगवर मशीन लावाल त्या लाइनला ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे ना ते पाहा, कारण फरशी बहुधा ओलीच असते. करंट गेला तर आधी प्लगचं बटण बंद करा. मशीनचं बटण लॉक झालेलं असतं, आपण चहाला आत जातो, आणि करंट आला की बॉनेटवर ठेवलेलं मशीन एकटंच नाचायला लागतं.

सावली हवीच. उन्हातून आलेली गाडी तासभर थंड होऊ द्या, बॉनेटला हाताची मागची बाजू सहज टेकवता आली की सुरू करा. डोक्यावरचा पंखा बंद, तो धूळ थेट कामावर टाकतो. मे महिन्यातल्या अग्निनक्षत्राच्या दिवसांत सकाळी आठनंतर पॉलिश पॅडवरच सुकतं, ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे, जानेवारीनंतर तुसाची धूळ. तंजावरात पॉलिशला निर्दोष महिना नाही. मी पहाटे करते, एका वेळी दोन पॅनेल. संपूर्ण गाडी एका दिवसात उरकायची असं ठरवलं की दुपारी हात दुखायला लागतात, आणि दुखऱ्या हाताने मशीन तिरकं होतं.

पॅड प्रत्येक पॅनेलनंतर ब्रशने झाडा आणि भिजला की बदला. उतरवलेल्या रंगाचा चिखल त्यात भरत जातो आणि तो पुढच्या पॅनेलला ओरखडतो. निदान पाच-सहा पॅड हाताशी हवेत, एका पॅडवर गाडी होत नाही.

पॉलिश पुसल्यावर जो झगमगाट दिसतो त्यावर विश्वास ठेवू नका. त्यातली तेलं बारीक चरे बुजवून टाकतात. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो चौकोन पुसा आणि गाडी क्षणभर उन्हात काढून पाहा. इथलं बाराचं ऊन कुठल्याही तपासणी दिव्यापेक्षा निर्दयी आहे. आता जे उरलं ते खरं काम. माझ्या निळ्या गाडीवर बारीक चऱ्यांची साधारण तीन चतुर्थांश जाळी गेली, बाकी तशीच ठेवली. ती फक्त मला दिसते. वर सीलंट लावला. इथल्या उन्हात मेणापेक्षा तो जास्त टिकतो.

एवढा व्याप नको असेल तर दुकानात जरूर द्या, पण गाडी सोडण्याआधी विचारा: कुठलं मशीन, कुठला पॅड, कडांना टेप लावणार का, आधी एक चौकोन करून उन्हात दाखवणार का. चांगला कारागीर असे प्रश्न विचारले की खुलतो, स्वतःहून टॉर्च काढून दाखवायला लागतो. ‘अक्का, दहा मिनिटांचं काम आहे’ असं उत्तर आलं, तर गाडी फक्त धुऊन घ्या.