पायांचे दुखणे आणि हृदयाचे भवितव्य

चालताना पोटरीत येणारा गोळा हा आपल्याकडे सहसा रोग मानला जात नाही. वय झाले, वात आला, सांधे झिजले असे म्हणून तेल चोळण्यावर काम भागविले जाते. परंतु या दुखण्याचा एक प्रकार असा आहे की, पायापेक्षाही हृदयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व अधिक ठरते. ठराविक अंतर चालून गेल्यावर पोटरी, मांडी किंवा कुल्ला आवळल्यासारखा दुखू लागतो. मनुष्य थांबला की काही मिनिटांत वेदना ओसरते. आणि पुन्हा जवळजवळ तेवढेच अंतर चालल्यावर ती परत येते. सांध्यांचे दुखणे इतके नियमित नसते.

या लक्षणाचा शोध प्रथम मनुष्यात लागला नाही. १८३१ साली बूले या फ्रेंच पशुवैद्याने काही अंतर धावल्यावर लंगडणाऱ्या घोड्याचे वर्णन केले व त्याचे कारण मांडीतील मुख्य रक्तवाहिनी बंद पडणे हे असल्याचे दाखविले. पुढे १८५८ साली शार्को या विख्यात वैद्याने हाच विकार मनुष्यात ओळखला. विश्रांतीच्या वेळी स्नायूंना पुरणारे रक्त चालताना अपुरे पडते, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

एकाच वृक्षाच्या शाखा

हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिण्या म्हणतात. बोलण्यात आपण त्यांना धमन्या म्हणतो. वयाबरोबर, आणि काही कारणांनी वयाच्या आधीच, त्यांच्या आतील अस्तराखाली कोलेस्टेरॉलसारखे स्निग्ध पदार्थ, पेशी व पुढे कॅल्शियम यांचे थर साचू लागतात. मार्ग अरुंद होतो. कधी हा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि प्रवाह अकस्मात थांबतो. ही क्रिया हृदयाच्या रोहिणीत घडली तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या रोहिणीत घडली तर पक्षाघात होतो, आणि पायाच्या रोहिणीत हळूहळू घडत गेली तर चालताना वेदना होते. तीन रोगांची नावे निराळी असली, तरी मूळ एकच आहे. एका फांदीला कीड लागलेली दिसली की माळी संपूर्ण झाड तपासतो. वैद्यानेही तेच करावयास हवे.

एक साधी तपासणी

या रोगाची परीक्षा करण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. रुग्णास उताणे निजवून दंडातील व घोट्याजवळील वरचा रक्तदाब मोजतात. घोट्याजवळचा प्रवाह टिपण्यासाठी ध्वनितरंगांचे एक लहान उपकरण पुरते. घोट्याच्या दाबास दंडाच्या दाबाने भागले की एक गुणोत्तर मिळते. निरोगी मनुष्यात ते १ किंवा त्याहून थोडे अधिक असते. ते ०.९० किंवा त्याहून कमी असल्यास पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत असे समजतात. उदाहरणार्थ, दंडातील दाब १४० आणि घोट्यातील ९८ असेल, तर गुणोत्तर ०.७० येते व रोगाविषयी शंका उरत नाही. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या रोहिण्या मात्र कधी इतक्या ताठर होतात की, गुणोत्तर १.४० च्याही वर जाते. तो आकडा आरोग्याचा नव्हे.

आयुर्मानाचा हिशेब

पायाचा रोग म्हटला की रुग्णास पाय कापावा लागण्याचे भय वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. चालताना वेदना होणाऱ्या रुग्णांपैकी बहुसंख्यांचा पाय पाच वर्षांनंतरही जवळजवळ आहे त्याच स्थितीत असतो. कोथाची भीती उत्पन्न व्हावी इतकी अवस्था शंभरांपैकी एकदोघांचीच होते. त्याच पाच वर्षांत मात्र शंभरांपैकी सुमारे वीस जणांस हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन ते वाचतात, आणि पंधरा ते तीस जण मृत्यू पावतात. त्यांतील बहुतेक मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांनी होतात.

अमेरिकेतील सॅन दिएगो येथे ५६५ स्त्री-पुरुषांची दहा वर्षे नोंद ठेवण्यात आली व तिचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. पायाच्या रोहिण्या रोगग्रस्त असलेल्या ३४ पुरुषांपैकी २१ जण त्या अवधीत मरण पावले. रोग नसलेल्या १८३ पुरुषांपैकी ३१. स्त्रियांमध्ये हेच आकडे ३३ पैकी ११ आणि २२५ पैकी २६ असे होते. वय, धूम्रपान इत्यादी गोष्टींचा हिशेब करूनही रोग्यांत हृद्‌रोहिणीच्या विकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे साडेसहा पट भरले. ज्यांचा रोग तीव्र होता व ज्यांस वेदनाही होत होती, त्यांत ते पंधरा पट होते. विशेष म्हणजे ज्यांना काहीच जाणवत नव्हते, तेही या धोक्यातून सुटले नव्हते.

आपल्याकडील परिस्थिती

भारतात या रोगाची पाहणी थोडी झाली आहे. चेन्नई शहरातील पाहणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. त्यांत एकंदर ३.२ टक्के लोकांत हा विकार आढळला. मधुमेह्यांत तो ६.३ टक्के, तर मधुमेह नसलेल्यांत २.७ टक्के होता. मधुमेहाने पायांची संवेदना बोथट होत असल्याने कित्येकांना वेदनेची सूचनाही मिळत नाही. न भरणारी जखम हीच पहिली खूण ठरते.

गाझियाबादसारख्या शहरात रोहिण्यांचे किती शत्रू एकत्र नांदतात हे पाहण्याजोगे आहे. हिंडन नदीच्या काठचे हे औद्योगिक नगर १९७६ साली मेरठपासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बनले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या एका जागतिक अहवालात हवेतील अतिसूक्ष्म कणांच्या प्रमाणात त्याचा क्रमांक जगात पहिला लागला: वर्षाची सरासरी घनमीटरला ११० मायक्रोग्रॅम. हे कण फुप्फुसांपाशीच थांबत नाहीत. त्यांमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा दाह वाढतो व हृद्‌रोगाने येणारे मृत्यू वाढतात, हे सिद्ध झाले आहे. त्यात विडी, सिगारेट व हुक्का यांच्या धुराची भर पडते. पायाच्या रोहिण्यांचा तंबाखूइतका मोठा शत्रू दुसरा नाही.

मधुमेहाचे चित्रही फसवे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्वाधिक, तर उत्तर प्रदेशात ४.८ टक्के, म्हणजे सर्वांत कमी आढळले. परंतु उत्तर प्रदेशात प्रत्येक मधुमेह्यामागे जवळजवळ चार माणसे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. शिवाय शहरांतील प्रमाण सामान्यतः खेड्यांहून अधिक असते. राज्याच्या सरासरीवर विसंबून शहरवासीयांनी निश्चिंत राहावे, असे त्यात काही नाही.

उपाय

रुग्णाचे आयुष्य वाढविणारे उपाय पायावर नव्हे, तर संपूर्ण रक्ताभिसरणावर केले जातात. तंबाखू पूर्णपणे सोडणे हा त्यांतील पहिला. रक्तदाब व रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे हा दुसरा. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे हा तिसरा. ब्रिटनमध्ये वीस हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधामुळे झटके, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एक-चतुर्थांशाने घटल्या. त्यांत पायांच्या रोहिण्यांचे रुग्णही हजारोंनी होते. वेदना होत असलेल्या रुग्णांस रक्ताची गुठळी होऊ न देणारी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांसारखी औषधेही वैद्य देतात.

उरतो चालण्याचा उपाय. वेदना होते म्हणून रुग्ण चालणे सोडतो, आणि तेथेच त्याची हानी होते. वेदना बरीच वाढेपर्यंत चालावे, थांबावे, ती ओसरली की पुन्हा चालावे; असे अर्धा तास किंवा अधिक, आठवड्यातून निदान तीनदा, सहा महिने केले असता वेदनेवाचून चालता येणारे अंतर दुपटीहून अधिक वाढल्याचे अनुभवास आले आहे. पायास जखम असल्यास किंवा छातीत दुखत असल्यास मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून हा उपक्रम करू नये. ज्या शहरात हिवाळ्यात हवा विषारी होते, तेथे चालण्याची वेळ व जागाही विचारपूर्वक निवडावी लागते.

पन्नाशी ओलांडलेला, धूम्रपान करणारा किंवा मधुमेही मनुष्य दवाखान्यात येतो, तेव्हा त्याची नाडी मनगटाला पाहिली जाते. पादत्राणे काढून पावलाची नाडी क्वचितच पाहिली जाते. त्यास फार तर दोन मिनिटे लागतात. ती नाडी हाताला लागली नाही, तर त्या रुग्णाच्या हृदयाची काळजी त्याच दिवसापासून घ्यावयास हवी.